डोंगर भाड्याने घेऊ नका

गेम किंवा अ‍ॅनिमेशनसाठी डोंगर-दऱ्यांची पार्श्वभूमी बनवायची म्हटलं, की अंधेरी-बोरिवली असो नाहीतर घाटकोपर-मुलुंड, शिकणाऱ्या पोरांना दोनच वाटा दाखवल्या जातात. महागडं सॉफ्टवेअर दरमहा भाड्याने घ्या, नाहीतर मित्राच्या पेनड्राइव्हवरून क्रॅक टाका. मी सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, म्हणून स्पष्ट सांगतो: दोन्ही वाटा आपल्या नुकसानीच्या आहेत.

सबस्क्रिप्शन थांबलं की सॉफ्टवेअर बंद. तुमचंच चित्र, पण तुम्ही दाराबाहेर, भाडं थकलेल्या भाडेकरूसारखे. क्रॅकचं त्याहून वाईट. ती फाइल कोणी, कशासाठी बदलली हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि त्याच लॅपटॉपवर घरच्यांचं नेटबँकिंग चालतं. शिवाय चोरीच्या हत्याराने केलेल्या कामाचं बिल क्लायंटला कोणत्या तोंडाने देणार?

तिसरी वाट वीस वर्षांहून जुनी आहे. २००२ साली चाहत्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ब्लेंडर हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं करून घेतलं. २०२५ मध्ये ऑस्कर जिंकलेला ‘फ्लो’ हा लाटव्हियन अ‍ॅनिमेशनपट त्यातच बनला. रंगवायला क्रिता आहे, तेही फुकट. तरीही ‘फुकटचं म्हणजे हलकं’ हे ज्ञान वाटत फिरणाऱ्यांना हात जोडावेत.

पण माझं खरं भांडण तयार प्रीसेटशी आहे. बटण दाबलं की आल्प्स उगवतो: टोकदार शिखरं, बर्फ, पाइनची झाडं. मग आपल्या गोष्टीतली पोरगी कसाऱ्याला उतरते आणि स्वित्झर्लंडमध्ये चालू लागते! सह्याद्री असा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला. माथे सपाट, अंगावर पायऱ्या. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दच मुळी पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय.

हा सह्याद्रीही फुकट मिळतो. २००० साली नासाच्या एन्डेव्हर यानाने रडारने जमिनीची उंची मोजली. साधारण ३० मीटरच्या जाळीतला तो डेटा सगळ्यांना खुला आहे. त्यातला हरिश्चंद्रगडाचा तुकडा उतरवा. दिसतं ते करड्या छटांचं चित्र, जितकं उजळ तितकं उंच. ब्लेंडरमध्ये सपाट पृष्ठभागाला ते लावलं की गड उभा राहतो. कोकणकड्याची धार मात्र ३० मीटरच्या जाळीतून निसटते. ती हाताने कोरावी लागते, आणि कोरण्याआधी डोळ्यांनी पाहावी लागते. म्हणून वाचलेल्या भाड्यातून आधी लॅपटॉपची रॅम वाढवा, उरलेल्यात एसटीचं तिकीट काढा.

‘नोकरीत तर महागडंच सॉफ्टवेअर विचारतात’ हा आक्षेप खरा आहे. पण एक हत्यार नीट आलं की दुसऱ्याची बटणं हाताला बसायला फार दिवस लागत नाहीत. लांबचा डोंगर निळसर आणि फिका का दिसतो, पावसाळ्यात ढग कड्याला कुठे अडतो, हे मात्र कुठल्याच लायसन्ससोबत येत नाही.

कोल्हापूरचे बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आपल्याला तर काही घडवायचंही नाही, नुसतं डाउनलोड करायचंय. एवढं करूनही आपल्या पडद्यावर आल्प्सच दिसणार असेल, तर दोष सॉफ्टवेअरच्या किमतीला देऊ नका.