उजाळा की खाडाखोड?

जुन्या चांदीच्या नाण्याला 'उजाळा' देण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, तिला आम्ही खाडाखोड म्हणतो. शब्द कठोर आहे, पण तो विचारपूर्वक वापरला आहे. हस्तलिखितातले अक्षर खरवडणाऱ्याला आमचे जे विद्यार्थी कधी क्षमा करणार नाहीत, तेच दिवाळीच्या तोंडावर आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया चिंच आणि राखेने घासतात आणि नाणे नवे झाले म्हणून आनंदतात. ते नवे होत नाही. त्यावर काळाने लिहिलेले तेवढे पुसले जाते.

आमचा भूम तालुका सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शेजारची बार्शी मात्र ब्रिटिश अंमलाखालच्या सोलापूर जिल्ह्यात. त्यामुळे या सरहद्दीवरच्या जुन्या घरांत चारमिनारछाप हाली रुपया आणि ब्रिटिशांचा कलदार रुपया एकाच डब्यात सापडावेत, यात नवल नाही. हाली नाण्यावरच्या चारमिनारच्या दारात एक इवलेसे अक्षर असते. 'मीम' असेल तर नाणे महबूब अली खानाचे, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानाचे. इतक्या बारीक खुणेवर ज्याची ओळख अवलंबून आहे, त्या वस्तूवर राख आणि काथ्या चालवणे हा अडाणीपणा नव्हे तर काय?

नाणे धुतले-घासले आहे की नाही, हे ओळखायला सोनाराची विद्या लागत नाही. वाचनाची शिस्त लागते. टांकसाळीत ठसा आदळतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे एकाच दिव्याखाली हळूहळू कलते केले, तर या रेषांमुळे प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. नाणे आम्लाच्या द्रावणात वारंवार बुडवले की या रेषा झिजतात; मग नाणे पांढरे दिसते, पण प्रकाश फिरत नाही. घासलेल्या नाण्याची खूण वेगळी. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून मोकळ्या जागेवर केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, एका दिशेने गेलेले किंवा गोल गोल. बाजारात फिरून पडलेले ओरखडे असे शिस्तीत नसतात. शिवाय अक्षरांच्या कोपऱ्यांत काळी घाण अडकलेली आणि भोवतालचे पटल लख्ख, असे दिसले की हात फिरला हे समजावे. सर्वांत मोठा पुरावा विसंगतीचा आहे. राणीच्या केसांच्या बटा झिजून सपाट झालेल्या आणि अंगावर मात्र कालच्या टांकसाळीची झळाळी, असे नाणे खोटे बोलत असते. वजनावर भिस्त ठेवू नये. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा खरा, पण वापरानेही वजन घटते.

काळेपणाला मळ समजणे ही या साऱ्या अनर्थाची जड आहे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन वर सल्फाइडचा पातळ थर बसतो. तो आधी पिवळसर, मग जांभळा-निळा आणि अखेरीस काळा होतो. म्हणजे हा काळेपणा बाहेरून येऊन चिकटलेला नाही. त्यात नाण्याचीच चांदी आहे. द्रावणाने तो काढला की ती चांदीही जाते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. लक्ष्मीपूजनाचे नाणे काळे कसे ठेवायचे? आमचे त्या घराशी भांडण नाही. तीन पिढ्यांची हळद, कुंकू आणि चिंच ज्या रुपयाने सोसली, त्याची झीज हाही त्याचा खरा इतिहास आहे आणि तो कुणी लपवलेला नाही. आमचे भांडण आहे ते तोच रुपया 'न वापरलेला' म्हणून विकणाऱ्याशी. हा विक्रेता चतुर असतो. संग्राहक काळसर रंगाला भाव देतात हे कळताच तो घासलेल्या नाण्याला गंधकाचा धूर देऊन रंग चढवतो. अशा वेळी रंगाखाली पाहावे. ओरखड्यांवरही रंग एकसारखा बसला असेल, तर आधी घासणे झाले आणि रंग मागाहून आला. एनजीसी, पीसीजीएस यांसारख्या परदेशी परीक्षणसंस्था घासलेल्या नाण्याला नेहमीचा दर्जा देत नाहीत, दोष नोंदवून वेगळे ठेवतात. आपल्या बाजारात ती नोंद ग्राहकाच्या डोळ्यांनीच करावी लागते.

मग स्वच्छता सर्वथा वर्ज्य का? नाही. मातीतून निघालेल्या नाण्यावरचा लेख वाचता यावा म्हणून संग्रहालयातला जाणकार त्यावरचा थर उतरवतो. पण काय काढले, कसे काढले, हे लिहून ठेवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि शुद्ध केल्याचे सांगितलेही. पुढे कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. शोधन आणि घासणे यांतला फरक तो हाच. शोधन करणारा आपला हात दाखवतो, घासणारा तो लपवतो.

म्हणून आमचे सांगणे मराठीच्या वर्गाला आहे. पाठभेद, क्षेपक, प्रक्षेप हे शब्द आपण परीक्षेपुरते शिकवतो आणि घरातल्या डब्यातली संहिता मात्र राखेच्या हवाली करतो. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जपल्या, म्हणून तिथे संग्रहालय उभे राहिले. नांगराला नाण्यांचे गाडगे लागले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते. सोनाराकडे उजाळ्याला न्यायचे नसते. विद्यार्थ्यांच्या हाती एक भिंग आणि एक काळा पडलेला रुपया द्यावा, कडेने धरायला सांगावे, आणि त्यावर कुणाकुणाचे हात फिरले ते विचारावे. ज्याला हे उत्तर शोधता येईल, त्याला 'शुद्ध आवृत्ती' असे मुखपृष्ठावर छापलेल्या पुस्तकाकडेही कसे पाहावे, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.