माईची सही

गेल्या आठवड्यात पेडण्याला जाऊन आलो. माईचं वर्षश्राद्ध होतं. या सदरात एरवी मी मोबाइल, पासवर्ड आणि मुलांचा स्क्रीनटाइम यांबद्दल लिहितो. आज माईबद्दल लिहिणार आहे. माई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. पण घरातच नव्हे, सगळ्या वाड्यावर ती माईच होती.

माई गेली तेव्हा नक्की किती वर्षांची होती यावर घरात एकमत नव्हतं. ती स्वतः पंचाण्णव सांगायची. नंतर कागदपत्रांसाठी पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीतला तिच्या जन्माचा उतारा काढला, त्यात साल निघालं १९३१. म्हणजे त्र्याण्णव. आत्या म्हणाली, "दोन वर्षं तिने आपल्या मनाने घातली. वय जास्त सांगितलं की लोक ऐकतात."

माईचं माहेर डिचोली तालुक्यातलं मये. १९४९ मध्ये लग्न होऊन ती पेडण्याला आली, शापोरा नदी होडीने ओलांडून. आज गाडीने तासाभराचं अंतर आहे, पण तेव्हा माहेरी जाणं वर्षातून एकदा, डिचोलीच्या नव्याच्या जत्रेच्या सुमारास. एरवी निरोप यायचे तेवढेच.

तिच्या तोंडून ऐकलेला इतिहास मला शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहिला. तिने तीन नाणी हाताळली: पोर्तुगीजांचा रुपया, मग एस्कुद, मग आपला भारतीय रुपया. भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा बाजारात हॉलंडचे बटाटे यायचे आणि सीमेपलीकडच्या बांद्याला असलेल्या तिच्या मावशीची खबर मात्र महिनोन्‌महिने यायची नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. "आणि बायकांनी?" असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "विहिरीवर कोण जातलो मगे? पाणी नको?"

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढे डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत माईने बत्तिसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल तर तिला कालच्यासारखा आठवायचा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. पेडणे, डिचोली भागात फुलाचा जोर होता आणि आजोबा तर गावभर फुलाचा प्रचार करत फिरायचे. निकाल दोन पानांच्या बाजूने लागला, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. माईने कुठे शिक्का मारला होता हे तिने आजोबांना सांगितलं नाही, आम्हालाही नाही. मी पदवीधर झाल्यावर, हक्काने, पुन्हा विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "मत गुप्त आसता, तू शिकलेलो मरे?"

तिला शाळा मिळाली नव्हती. तिचा भाऊ देवळाच्या सोप्यावर मास्तरांकडे धुळाक्षरं गिरवायचा, ती लांबून बघायची. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. आमच्या गावात शाळा सुरू झाली आणि आत्या पहिलीला गेली. संध्याकाळी आत्या पाटीवर जे लिहायची तेच माई चुलीपुढे राखेत लिहायची. वर्षभरात तिला आपलं नाव लिहिता यायला लागलं. पुढे ती रोज पेपर वाचायची, एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने. त्यामुळे आमच्या घरात पेपर फक्त तीच वाचायची, बाकीचे ऐकायचे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या घरामागे, सड्याच्या उतारावर, काजूचं एक भाट आहे. फार मोठं नाही. १९७८ मध्ये आत्याचं लग्न ठरलं, हातात पैसा नव्हता, म्हणून आजोबांनी ते विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, कागद तयार झाले, आणि तिथे सगळं अडलं. कारण गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही.

तुमच्यापैकी जे गोव्याबाहेर वाढले त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. मुलगा-मुलगी यांना वारसा सारखाच, आणि मुलांना पूर्णपणे डावलून मृत्युपत्रही करता येत नाही. वारशाचे नियम आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आले आहेत, गाभा तोच आहे. माईला यातलं कलम वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं की माझी सही लागते.

ती म्हणाली, "वाचून दाखवा." आजोबा म्हणाले, वाचायचं काय त्यात? ती म्हणाली, "सगळं वाचा, मोठ्यान." मग लिहिणाऱ्याने सगळा कागद वाचला. चतुःसीमा आल्या, किंमत आली. शेवटपर्यंत ऐकून माई म्हणाली, "मी सही करणार नाही." आजोबा संतापले. तेव्हा तिने विचारलं, "पयलीं माका कोणें विचारलां?"

याचं कारण मला फार उशिरा कळलं. मयेची जमीन पोर्तुगीजांनी एका कोंदाला दिलेली होती. मुक्तीनंतर ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या, कसणाऱ्या लोकांच्या नावावर ना घराखालची जमीन, ना शेत. विधानसभेने त्यासाठी कायदा केला तो २०१४ मध्ये. माईने माहेरी बापाला घराची भिंत दुरुस्त करण्यासाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघताना पाहिलं होतं. ज्या बाईचं माहेर असं, तिने हाताशी असलेली जमीन सोडली नाही, यात नवल नाही.

पण लग्न तर करायचं होतं. माईने अंगावरच्या पाटल्या काढून दिल्या. उरलेलं देणं तिने पुढची दोन वर्षं त्याच भाटातल्या काजूच्या बिया विकून फेडलं. आजोबा एक अख्खा पावसाळा तिच्याशी धड बोलले नाहीत. नंतर मात्र आल्यागेल्याला तेच भाट दाखवायला न्यायचे, आपणच राखल्यासारखं.

आता त्या भाटापासून थोड्या अंतरावर मोपाचा विमानतळ आहे. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडायला लागली आणि पेडण्यातल्या जमिनींचे भाव कुठच्या कुठे गेले. गावात दर रविवारी एखादी अनोळखी गाडी येते, काच खाली होते आणि कुणीतरी विचारतं, "विकायची आहे का?" मी त्या विमानतळाला नावं ठेवू शकत नाही. माई गेली त्या दिवशी सकाळी बंगळुरात फोन आला आणि दुपारी मी घरी होतो, ते मोपामुळेच. शेवटचं तोंड बघायला मिळालं.

वर्षश्राद्धाची जेवणं झाली आणि थोरल्या काकांच्या मुलाने, दादाने, पिशवीतून फाइल काढली. भाटाला चांगलं गिऱ्हाईक आलंय. एक-चौदाचा उतारा तयार आहे. काका, आत्या, बाबा नाहीत म्हणून त्यांच्या जागी मी, आणि आम्हा सगळ्यांचे नवरे-बायका, इतक्या सह्या हव्यात. माझी बायको सातारची. ती चकित झाली. "माझीसुद्धा?" म्हणाली. आमच्या लग्नाची नोंद गोव्यात आहे, म्हणून तिचीही.

दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. माईच्या माहेरच्या ओळखीने त्याने डिचोलीच्या खाणींवर ट्रक लावला होता, कर्ज काढून. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या म्हणून त्याने ट्रक दुरुस्त केला, तर २०१८ मध्ये परत बंद. ट्रक गेला, कर्ज राहिलं. मुलगी यंदा बारावीला आहे. माईचं दुखणं काढलं तेही त्याने आणि वहिनीनेच. मी बंगळुराहून पैसे पाठवत होतो आणि व्हिडिओ कॉल करत होतो.

पेन माझ्यापुढे आलं. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "दादा, एकदा मोठ्याने वाच ना." तो वाचायला लागला. सर्व्हे नंबर झाला, चतुःसीमा सुरू झाल्या. तेवढ्यात आत्या हळूच म्हणाली, "माज्या लग्नाक तिच्यो पाटल्यो गेल्यो, त्या ह्याच भाटापायीं." तिने सही करू नका असं म्हटलं नाही. पण दादाचं वाचणं थांबलं. फाइल परत पिशवीत गेली.

निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "बंगळुरात बसून जमीन राखा म्हणणं सोपं असतं रे." मी काही बोललो नाही. कारण ते खरं आहे. माईने नाही म्हटलं तेव्हा तिने पाटल्याही काढून दिल्या होत्या. मी नुसतं नाही म्हणणार असेन, तर ती माईची आठवण होणार नाही, फुकटचा हट्ट होईल.

परतीच्या विमानात बायको आणि मी हिशेब मांडला. दादाच्या कर्जातलं किती आम्ही उचलू शकतो, त्यासाठी आमच्या घराचा हप्ता किती वर्षं लांबवावा लागेल, मुलीच्या फीचं काय. हिशेब अजून जुळलेला नाही. काका आणि आत्या काय म्हणतात तेही विचारायचं आहे. चवथीला सगळे पुन्हा जमणार आहोत. माटोळी बांधायला भाटातलेच आंब्याचे टाळे आणायचे असतात, तेव्हा सगळे मिळून एकदा तिथे उभं राहू आणि मग बसून बोलू. विकायचं ठरलं तरी हरकत नाही. पण कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जाईल आणि प्रत्येकाला विचारलं जाईल, एवढं मी दादाला कळवलं आहे. त्याने अंगठा पाठवला.

जाता जाता एक काम सांगतो, आणि हे सदर माझं असल्यामुळे मोबाइलचंच सांगतो. घरात आजी-आजोबा असतील तर आज संध्याकाळी त्यांच्यापुढे फोन ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: घरात कधी कुणाला नाही म्हणाला होतात का? माझ्याकडे माईचे शेकडो फोटो आहेत. आवाज एकच आहे, अकरा सेकंदांचा. त्यात ती एवढंच विचारते, "चवथीक येतलो मरे?"

पुढच्या महिन्यात भेटू, नेहमीच्या विषयासह.