रिट्रॅक्टर लावण्याआधी

आज २० मार्च, जागतिक मौखिक आरोग्य दिन. तुळिंज-आचोळ्यापासून स्टेशनपर्यंत दातांचे दवाखाने दाटीने उभे असलेल्या नालासोपाऱ्यात आज कुठे मोफत तपासणी होईल, कुठे शिबिर भरेल. संध्याकाळपर्यंत फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतील. त्यांत पाहुणे असतील, पुष्पगुच्छ असतील आणि कुणाचे तरी उघडे तोंडही असेल. त्या माणसाला कुणी विचारले होते का?

फोटो हवाच, याबद्दल वाद नाही. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी असूनही गुटख्याने आखडलेले जबडे दवाखान्यात येतच आहेत. तोंड दोन बोटे उघडते की तीन, गालाच्या आतला पांढरा चट्टा सहा महिन्यांत पसरला की आहे तेवढाच राहिला, हे केसपेपरवरच्या चार शब्दांपेक्षा फोटो नेमके दाखवतो. गाल बाजूला धरणारा रिट्रॅक्टर कसा लावायचा, वाफ धरू नये म्हणून आरसा आधी कोमट पाण्यात कसा बुडवायचा, हे बीडीएसच्या मुलांना आलेच पाहिजे. सरावाने ते येतेही.

अडचण वेगळीच आहे. परीक्षेआधी ठरावीक केसेसचा कोटा पुरा करायचा असतो. रुग्ण कमी पडले की मुले नात्यातली, शेजारपाजारची माणसे गाठतात. चाळीतली काकू ‘आपल्याच पोराचं काम आहे’ म्हणून विरार लोकलची गर्दी सोसून मुंबईच्या कॉलेजात येते, खुर्चीत बसते. तिचा होकार दात साफ करून घेण्यापुरता असतो. इन्स्टाग्रामवरच्या ‘बिफोर-आफ्टर’ रीलसाठी नव्हे. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की झाले, हा समजही भाबडाच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेच ही पट्टी अपुरी ठरवली आहे. चाळीला तर ओळख पटायला हनुवटीवरचे गोंदण पुरते. (लोकलमध्ये फोन चाळणाऱ्याच्या पडद्यावर काय आहे, हे शेजारच्या दोघांना दिसतेच.)

कायदा गप्प नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात २०१७ साली सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. शाळेतल्या दंत शिबिरांचे फोटो बिनदिक्कत टाकणाऱ्यांनी ही अट एकदा वाचावी.

पण इंग्रजी फॉर्मच्या गठ्ठ्यात एक सही जास्त घेतली म्हणजे संमती मिळाली, असे आम्हाला वाटत नाही. रिट्रॅक्टर लागल्यावर माणसाला ‘नको’ म्हणताच येत नाही. म्हणून तो लावण्याआधी, मराठीत किंवा हिंदीत, तीन वेगळे प्रश्न विचारावेत: फोटो तुमच्या फाइलसाठी काढू का? वर्गात दाखवू का? बाहेर छापू का? पहिल्याला हो आणि उरलेल्या दोन्हींना नाही म्हणणाऱ्याचा नंबर मागे जाता कामा नये, हे त्याच दमात सांगावे. फोटो विभागाच्या कॅमेऱ्यानेच काढावा. विद्यार्थ्याच्या फोनमधला फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि घरच्या गणपतीच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो. पुढे तो कुठे जाईल, ते त्याच्याही हातात राहत नाही.

आज शिबिर भरवणाऱ्यांना हे लगेच करता येईल. तपासणीच्या कागदावर ‘फोटो: हो / नाही’ एवढी ओळ वाढवावी, आणि ‘नाही’वर खूण असेल तिथे पाहुण्यांसोबतच्या छायाचित्रकारालाही थांबवावे.