तुझ्या बायपासला कोटा शिवलेलाच नाही!



"तुमच्या वडिलांचं बायपास कोट्यातल्या डॉक्टरकडून करून घ्याल का?" हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत असतोच. 14 एप्रिल जवळ आली की जरा जास्तच फिरतो. आपली पोरं चिडतात, भांडतात, ग्रुप सोडतात. माझं म्हणणं, ग्रुप सोडू नका. विचारणाऱ्यालाच विचारा, बाबा रे, बायपास करणारा डॉक्टर तयार कसा होतो हे तुला ठाऊक आहे का?

बायपास एमबीबीएसवाला करत नाही, नुसता एमएसवालाही करत नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट-पीजी, मग तीन वर्षं एमएस, मग पुन्हा नीट-एसएस आणि आणखी तीन वर्षं एमसीएच, असा हा रस्ता आहे. यातल्या शेवटच्या पायरीवर ना एससीला आरक्षण आहे, ना एसटीला, ना ओबीसीला. 1999 साली प्रीती श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो दरवाजा बंद करून टाकला. म्हणजे ज्या ऑपरेशन टेबलाची भीती घालून हे आपल्याला हिणवतात, त्या टेबलापर्यंत नेणाऱ्या जागांत आपला राखीव वाटा शून्य! हे माहीत नसताना इतक्या आत्मविश्वासाने बोलता येतं, हाही एक जन्मजात कोटाच म्हणायचा.

आता एमडी-एमएसचं बघू. तिथे आरक्षण आहे, पण आत शिरण्यापुरतं. बाहेर पडताना नाही. प्रबंध मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. लेखीत पास व्हावं लागतं आणि प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं. परीक्षक चार, त्यातले दोन बाहेरचे. डीएनबी करणाऱ्याला राष्ट्रीय परीक्षा मंडळाची देशभर एकच परीक्षा. भटाच्या पोराला आणि महाराच्या पोराला पासाची रेघ एकच आहे.

आणि आत शिरण्याचं तरी काय? 1986 पासून पीजीला अखिल भारतीय कोटा आहे. त्यात एससी-एसटीला आरक्षण मिळायला 2007 उजाडलं, ओबीसींना 2021. एवढी वर्षं गुणवत्तेच्या नावाखाली कुणाच्या जागा कोण खात होतं, याचा हिशोब कुणी मागितला? 2023 मध्ये तर सरकारने नीट-पीजीचा कटऑफ सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणला. कारण जागा रिकाम्या राहत होत्या. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला नुसता बसलेला, उणे गुण मिळवलेलासुद्धा पात्र. ज्याच्या बापाकडे खासगी कॉलेजची मॅनेजमेंट सीट घ्यायला पैसा आहे, तो त्यातून विशेषज्ञ होणार. तेव्हा 'गुणवत्ता मेली' म्हणून किती मेणबत्त्या पेटल्या ते आठवून बघा.

जात खरी काम करते ती प्रवेशानंतरच्या तीन वर्षांत. शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही, हाताने करून येते. आणि तो हात कुणाच्या हाती द्यायचा हे युनिटमधले वरिष्ठ ठरवतात. आमच्या अभ्यासिकेतून शिकून सर्जरीला गेलेला एक पोरगा सांगायचा, "दादा, वर्षभर मी फक्त रिट्रॅक्टर धरला आणि रक्ताचे नमुने लॅबला पोचवले. माझ्या बरोबरचा हर्निया करायला लागला होता." आता परीक्षेत कच्चा कोण पडणार? पडला की लगेच बोट, बघा, आरक्षणवाला!

ही एकट्याची रडकथा नाही. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने 2007 मध्ये अहवाल दिला. प्रात्यक्षिकात आणि तोंडी परीक्षेत आपल्या विद्यार्थ्यांना भेदभाव सोसावा लागतो, हे त्यात नोंदवलेलं आहे. लेखी पेपरला जात दिसत नाही, व्हायवाला समोर बसलेल्या पोराचं आडनाव दिसतं. आणि डॉ. पायल तडवी? जळगावकडची आदिवासी मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पीजी करत होती. 22 मे 2019 ला आपल्याला सोडून गेली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवला गेला.

अमेरिकेतही हेच झालं. विशेषज्ञांना प्रमाणपत्र देणारं तिथलं पहिलं बोर्ड नेत्रविकाराचं, 1916 चं. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये जातीवरचा निबंध वाचत होते. 'काळ्यांना मनाई' असं बोर्डांना लिहावं लागलं नाही. मान्यताप्राप्त हॉस्पिटलात प्रशिक्षण हवं एवढं पुरेसं होतं, कारण बहुतेक हॉस्पिटलं काळ्या डॉक्टरला प्रशिक्षणाला घेतच नव्हती. वैद्यकीय संघटनेच्या स्थानिक शाखा सदस्यत्व देत नव्हत्या, म्हणून त्यांनी 1895 सालीच आपली वेगळी संघटना उभी केली. जुन्या संघटनेने माफी मागितली 2008 मध्ये. उशिरा का होईना, मागितली. आपल्याकडे अजून गुन्हाच कबूल नाही.

पीजी करणाऱ्या भावाबहिणींना एक सांगणं. लॉगबुक रोजच्या रोज भरा, तारखेसह. कुठली केस कुणाला दिली, तुम्हाला काय दिलं, सगळं लिहा. ओटीच्या यादीचा फोटो नको, त्यात रुग्णाचं नाव असतं. स्वतःच्या वहीत नोंद ठेवा. टोमणा ऐकलात तर त्याच दिवशी मेल करा, तोंडी तक्रार करू नका. आणि बाहेर असलेल्या आपण सगळ्यांनी प्रत्येक सरकारी कॉलेजकडे माहिती अधिकारात विचारू या: गेल्या पाच वर्षांत कुठल्या प्रवर्गातल्या निवासी डॉक्टरने किती शस्त्रक्रिया स्वतः केल्या, आणि प्रात्यक्षिकात कोण किती वेळा नापास झालं. अर्जाची फी दहा रुपये आहे.