भाड्याचे घर : आधी हिशेब, मग खरेदी

सांगलीच्या एका वाचकबंधूंनी विचारले आहे, "दुकान आम्हा दोघा भावांचे. चौदा-पंधरा लाखांची शिल्लक साठली आहे. पुण्यात ५० लाखांची सदनिका कर्ज काढून घ्यावी आणि भाड्यातून हप्ता फेडावा, असा विचार आहे. योग्य ठरेल काय?" हा प्रश्न अनेक व्यापारी कुटुंबांत निघतो, म्हणून त्याचे उत्तर येथेच देत आहे.

प्रथम भांडवल पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या रकमेच्या गृहकर्जास मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ४० लाख बँकेचे व १० लाख आपले. शिवाय पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, आणि नोंदणी शुल्क ३० हजार. किल्ली हाती येण्यापूर्वीच सर्व शिल्लक संपते.

आता हप्ता. ९ टक्के व्याजाने ४० लाखांचा २० वर्षांचा हप्ता सुमारे ३६ हजार रुपये होतो. भाडे १५ हजार धरले आणि सोसायटीचा देखभाल खर्च व घरपट्टी यांचे ३ हजार वजा केले, तर हाती १२ हजार उरतात. दरमहा तूट २४ हजारांची, वर्षाकाठी २ लाख ८८ हजारांची. घर एखादा महिना रिकामे राहिले, तर ती आणखी वाढते. ही तूट कोण भरणार? अर्थातच दुकान. दिवाळीपूर्वी माल भरावयाच्या वेळी गल्ल्यातून हप्ता गेला, तर ज्या झाडाच्या सावलीत बसलो त्याच्याच मुळाशी कुऱ्हाड घातल्यासारखे होईल. दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून घरासाठी उचल तर कदापि करू नये. ते कर्ज मालासाठी दिलेले असते.

याच दराने १२ हजारांत सुमारे १३ लाखांचेच कर्ज फिटते. तेव्हा आज ५० लाखांच्या घराचा हट्ट नको. लहान घर पाहावे, अथवा शिल्लक वाढेपर्यंत थांबावे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. म्हणून हंगामाचा नफा त्यात भरता येतो.

प्राप्तिकराचाही विचार करावा. भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र नव्या करप्रणालीत घराचा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. "कर वाचेल" या भरवशावर खरेदी करू नये.

घर घेतलेच, तर भाडेकरूशी करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अनामत रक्कम परत करावयाची असते. ती खर्चात धरू नये. सोसायटी भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते, हेही ध्यानी ठेवावे. भाड्यासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे आणि निदान तीन महिन्यांचा हप्ता त्यात शिल्लक असावा.

शेवटची गोष्ट प्रश्नात नाही, पण तीच सर्वांत मोठी आहे. घर कोणाच्या नावे, तूट कोणाच्या वाट्यातून, विकल्यास वाटणी कशी, हे दोघा भावांनी खरेदीपूर्वीच लिहून ठेवावे. मने जुळलेली असताना असा कागद करणे म्हणजे अविश्वास नव्हे. पेढीवर आपण रोज खाते लिहितो, ते समोरच्यावर संशय म्हणून नव्हे; उद्या दोघांनाही तेच आठवावे म्हणून.