दंड कुणाला लावायचा, ते आधी ठरवा

पोस्ट थोडी मोठी आहे. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझीही एक चूक आहे.

मे महिन्यात माझा एक शाळेतला मित्र इंग्लंडहून आला होता. भावाचं लग्न होतं. बायको, दोन पोरं, सगळे आठ-दहा दिवस. तिकडं शाळा चालू होत्या, मुख्याध्यापकांनी रजा नाकारलेली. गडी म्हणाला, "परत गेलो की दंडाचं पत्र येणार बघ." मला आधी चेष्टाच वाटली. पण तिथं नियमच आहे. परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडाली की ८० पौंड, २१ दिवसांत भरले नाहीत तर १६०. आणि हे एका मुलामागे एका पालकाला! दोन पोरं, आई-बाप दोघं, म्हणजे चार वेळा ८०. करा हिशोब. वर कोर्टात गेलं प्रकरण तर अजून वेगळं.

हे ऐकून मी भारावलो. आपल्याकडं असं पाहिजे, असं चहाच्या टपरीवर चार जणांना सांगून पण आलो. त्यामुळं ऑगस्टमध्ये आमच्या बीड जिल्ह्यातल्याच एका गावानं ग्रामसभेत ठराव केला, "जो पालक मूल शाळेत पाठवणार नाही त्याला ग्रामपंचायतीचा एकही दाखला मिळणार नाही," तेव्हा मी चार कॉलमी कौतुकाची बातमी केली. सरपंचांचा फोटो, शिक्षकांची प्रतिक्रिया, सगळं यथासांग. प्रतिक्रिया घेतली नव्हती ती फक्त ज्याचा दाखला अडणार होता त्याची.

ती चार दिवसांनी स्वतःच आली. फोनवर. एक बाई बोलत होत्या. "भाऊ, बातमी वाचून दाखवली पोरीनं. दाखला नाही दिला तर नाही दिला. पण दसरा झाला की आम्ही कोयत्याला जाणार, उचल घेऊन बसलोय. सासूपाशी राहायची पोरगी, सासू आखाडात गेली. आता सहावीतली पोर कुठं ठिवू, तेवढं लिहा की पेपरात."

मला उत्तर देता आलं नाही. काय देणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे निघायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या पट्ट्यात पाल ठोकून राहायचं. पहाटे फडात. पोरगी सोबत नेली तर ती धाकट्याला सांभाळणार, पाणी भरणार, मोळ्या बांधणार. मागं एकटी ठेवली तर आईबापाला झोप नाही. मग "लग्न उरकून टाकू" हा विचार घरात शिरतो, आणि तो कसा शिरतो हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आता कायदा बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. पण न पाठवल्याबद्दल पालकाला शिक्षा त्यात नाही. उलट कलम ८ मध्ये "सक्ती" कुणावर हे स्पष्ट आहे: प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, याची जबाबदारी सरकारची. आणि कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाचं काम स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. म्हणजे सक्ती आहे, पण ती त्या बाईवर नाही, कार्यालयात बसलेल्या साहेबांवर आहे. त्यांचा दाखला कोण अडवणार?

लगेच कुणीतरी म्हणेल, शाहू महाराजांनी नाही का दंड लावला? लावला. १९१७ ला करवीर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण केलं आणि पोर न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड. बरोबर. पण त्याच महाराजांनी कोल्हापुरात पहिलं वसतिगृह काढलं १९०१ ला, आणि मग एकामागून एक काढत गेले. आधी पोराच्या राहण्या-जेवणाची सोय, मग बापाला दंड. आपल्याला त्यातला फक्त दंडाचा रुपया लक्षात राहिला.

रुपयावरून आठवलं. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी सरकारनं १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता काढला. किती? हजेरीच्या दिवसाला १ रुपया. यावर मी काही बोलत नाही.

आणि एक. शाळा बुडवण्यात पालावरचीच पोरं पुढं आहेत असं समजू नका. आपल्याच गावातली डॉक्टर-वकील-गुरुजींची पोरं अकरावीला नाव एका कॉलेजात घालतात आणि दोन वर्षं क्लासमध्ये काढतात. हजेरी मात्र फुल्ल. सरकारनं २०१८ मध्ये त्यासाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, पण पोरं आजही क्लासमध्येच आहेत. त्या पालकांचा दाखला अडवायचा ठराव कुठल्या ग्रामसभेत झालेला मी तरी ऐकला नाही.

उपाय नाही असंही नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप तोडीला गेले तरी पोर गावातच राहतं, दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा सुरू राहते. पण आधी गावातल्या स्थलांतर होणाऱ्या मुलांची यादी व्हायला लागते, शाळेचा प्रस्ताव वेळेत जायला लागतो आणि पैसा हंगाम संपायच्या आत यायला लागतो. घोडं इथंच पेंड खातं.

त्या गावात मी परवा जाऊन आलो. यादी झाली का विचारलं. ग्रामसेवक म्हणाले शाळेला विचारा, शाळा म्हणाली केंद्रप्रमुखांना विचारा. ठरावाची प्रत मात्र दोन मिनिटांत मिळाली, शिक्क्यासकट.

दसरा तोंडावर आलाय. तुमच्या गावाचा प्रस्ताव गेला का, कधी गेला, किती मुलांचा गेला, हे मला कळवा. नाव छापणार नाही. आणि यावेळी बातमी करताना आधी त्या बाईंना फोन करीन.