आधी परिमाण, मग प्रवास

काटकसर आणि कृपणता या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. व्यापारी घरातील मुलाला मात्र त्यांतील भेद दुकानात बसल्याबसल्या कळतो. गोणीची सुतळी सोडवून जपून ठेवणे ही काटकसर होय. पैसे वाचावेत म्हणून बिघडलेला तराजू दुरुस्त न करणे ही काटकसर नव्हे. पहिल्यात बचत आहे, दुसऱ्यात पेढीची पत पणाला लागते.

हा भेद आज एका नव्याच प्रसंगी आठवण्यासारखा झाला आहे. दुकानाचा भार नुकताच खांद्यावर घेतलेली तरुण मंडळी मित्रांसह परदेशच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, शिकण्याची इच्छा बोलून दाखवतात. 'आम्ही स्वस्तात जाऊन येऊ', असेही ते आवर्जून सांगतात. घरातील वडीलधाऱ्यांना त्यात दोन भये दिसतात: पैशाचे आणि पाण्याचे. तिसरे भय सहसा उघड बोलले जात नाही. ते असते आचार सुटण्याचे. तिन्ही भयांना 'जायचे नाही' या शब्दांत उत्तर देता येते, परंतु ते फार दिवस टिकत नाही. टिकणारे उत्तर श्रावकाच्या बारा व्रतांत आहे.

पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते अशी ही रचना आहे. परंपरेनुसार क्रम थोडा बदलतो, आशय बदलत नाही. दिग्व्रतात दिशांची मर्यादा ठरते, भोगोपभोग परिमाणात उपभोगाची, तर अनर्थदंडविरमणात निष्कारण होणाऱ्या हिंसेला व अपव्ययाला आळा बसतो. यांतील कळीचा शब्द 'परिमाण' हा आहे. परिमाण म्हणजे आधीच आखून घेतलेली सीमा. खर्च झाल्यावर जी लिहिली जाते ती नोंद. खर्चापूर्वी जे ठरते ते परिमाण. स्वस्त सहल आणि मर्यादेतील सहल यांत हेच अंतर आहे.

समजा, रत्नागिरीच्या राम आळीतील चार मित्रांनी श्रीलंका निवडली. निवड वाजवी म्हणावी लागेल. मुंबईहून कोलंबोस थेट विमान आहे. दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामा येथील उपसागर वाळूच्या तळाचा असून तेथे नवशिके पहिले धडे घेतात. कोलंबो फोर्टहून माताऱ्याकडे जाणारी रेल्वे गॉल व वेलिगामा या दोन्ही स्थानकांवरून जाते आणि बराच मार्ग समुद्राला लागूनच आहे. मोटार ठरविण्याची गरज उरत नाही.

पहिले परिमाण काळाचे. नैऋत्य मोसमी वारे कोकणाचा समुद्र जसा खवळून सोडतात, तसाच श्रीलंकेचा दक्षिण व पश्चिम किनाराही. तेथील सर्फिंगचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. पावसाळ्यात हा खेळ पूर्वेकडील अरुगम बे येथे सरकतो. जैन कुटुंबासाठी ही विभागणी सोयीची आहे. चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेस संपतो आणि त्याच सुमारास दक्षिण किनाऱ्याचा हंगाम उघडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातील वादळी पावसाचा विचार करता डिसेंबरनंतरचा काळ अधिक निर्धास्त. नाताळच्या आठवड्यात विमानाचे भाडे चढते, आणि मार्चपासून रत्नागिरीची बाजारपेठ हापूसच्या गडबडीत बुडते. म्हणजे दुकान, धर्म आणि समुद्र या तिघांनाही मान्य होणारे दिवस जानेवारी-फेब्रुवारीचे.

दुसरे परिमाण तयारीचे. नमुना पाहिल्याविना कोणी गाडीभर माल उचलत नाही. परदेशी जाण्यापूर्वी हा खेळ आपल्याला झेपतो का, हे स्वदेशात पाहून घ्यावे. त्यासाठी रत्नागिरीकरांना फार दूर जावे लागत नाही. कोकण रेल्वेच्या मार्गावरील मुल्की येथील मंत्र सर्फ क्लब हे भारतातील आरंभीचे सर्फिंग केंद्र. उडुपीजवळील कोडी बेंगरे येथे इशिता मालवीय या मुंबईत वाढलेल्या तरुणीने आणि तुषार पथियान यांनी २००७ मध्ये शाका सर्फ क्लब सुरू केला. ऑगस्ट २०२५ मध्ये मामल्लपुरम येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाल यांनी कांस्यपदक मिळविले. हा खेळ आता केवळ परदेशी राहिलेला नाही. शिवाय या फेरीत यात्राही घडते. मूडबिद्रीची सहस्रस्तंभ बसदी, १४३२ मध्ये प्रतिष्ठापना झालेली कारकळची बाहुबलींची मूर्ती आणि वेणूर येथील १६०४ ची मूर्ती ही स्थाने त्याच परिसरात आहेत. चार दिवसांच्या या फेरीत ज्याचे मन रमणार नाही, त्याचा परदेशवारीचा सारा खर्च वाचेल.

तिसरे परिमाण पैशाचे. चौघांनी समान रक्कम एकत्र करावी, एकाने कीर्द लिहावी आणि रोज सूर्यास्तापूर्वी ती सर्वांना वाचून दाखवावी. 'हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी' ही गुजराती म्हण आपल्या घरांना नवी नाही. सहलीत मैत्री तुटते ती मोठ्या रकमांवरून नव्हे, न लिहिलेल्या लहान रकमांवरून.

बँकेचे काही व्यवहारही समजून घ्यावेत. परदेशात भारतीय कार्ड वापरल्यास अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात व त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. ४०,००० रुपयांच्या खर्चावर हा बोजा १,६५२ रुपये होतो, चौघांचा ६,६०८. म्हणून कमी अधिभाराचे कार्ड आधीच शोधावे. दुकानदाराच्या यंत्रावर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असा प्रश्न आल्यास स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा भासला तरी त्यातील विनिमयदर सहसा महाग पडतो. श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय यूपीआय सेवा सुरू झाली आहे, परंतु ती प्रत्येक टपरीवर असेलच असे नाही. रोख परकीय चलन एका प्रवासासाठी सामान्यतः ३,००० डॉलरपर्यंत घेता येते. उरलेले चलन परतल्यावर १८० दिवसांत बँकेस द्यावे लागते. त्यांतील २,००० डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवण्याची मुभा आहे. प्रवासी कंपनीचे पॅकेज घेतल्यास टीसीएस आकारला जातो. तो विवरणपत्रात वजा मिळतो, पण तोवर रक्कम अडकून पडते. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. चालू वर्षाचा दर पाहूनच आकडेमोड करावी.

येथवर बचत झाली. आता जेथे बचत करावयाची नाही, त्या तीन जागा.

पहिली जागा पोहणे. रत्नागिरीत समुद्र दारात आहे, तरी व्यापारी कुटुंबांतील कितीतरी मुलांना पोहता येत नाही. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वारंवार वाचाव्या लागतात. किनाऱ्यावरून आत खेचणारा प्रवाह पाण्याच्या पृष्ठभागावर अनेकदा शांत दिसतो आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. अशा प्रवाहाशी झुंजू नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर सरकावे आणि ओढ संपल्यावर बाहेर यावे. फळीची दोरी पायाला बांधलेली असते, ती सोडू नये. हे सारे वेलिगामाला पोहोचून नव्हे, निघण्यापूर्वीच शिकावयाचे असते.

दुसरी जागा प्रशिक्षक. भाड्याने फळी घेऊन परस्पर शिकण्यात थोडे पैसे वाचतात. त्या बदल्यात जीव तारण ठेवला जातो. तिसरी जागा विमा. सामान्य प्रवासविम्यात साहसी खेळांतील इजा वगळलेली असू शकते. पॉलिसीत सर्फिंगचा स्पष्ट उल्लेख आहे का आणि रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च मिळतो का, हे वाचूनच हप्ता भरावा. मालाचा विमा न उतरवता जहाज सोडणाऱ्या व्यापाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही.

चौथे परिमाण आहाराचे. श्रीलंकेत नारळ, केळी, फणस, इडियाप्पम विपुल मिळते, त्यामुळे शाकाहार सोपा वाटतो. मात्र पोल सांबोल या नारळाच्या चटणीत आणि कधी वरणातही 'मालदीव मासा' म्हणून ओळखला जाणारा सुका मासा घालण्याची रीत आहे. 'व्हेज' हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये, पदार्थागणिक विचारावे. स्वयंपाकघराची सोय असलेले घर चौघांत घेतल्यास भाडेही आटोक्यात राहते आणि खिचडी आपल्या हातची होते. तेथे सूर्यास्त वर्षभर साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो. चौविहार पाळणाऱ्याने संध्याकाळचे सत्र टाळून पहाटेचे घ्यावे. पहाटे वारा कमी असतो आणि लाटही सुबक येते.

एक आक्षेप टाळता येणार नाही. पाण्यातील क्रीडा म्हणजे अप्काय जीवांची विराधना, असे घरातील वृद्ध म्हणतील आणि ते खरेच आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दिवसाला एकच सत्र, अष्टमी-चतुर्दशीला पाण्यापासून दूर आणि प्रतिक्रमणात आलोचना, एवढी मर्यादा तरुणांनी स्वतः होऊन मांडावी. प्रवाळाच्या खडकावर पाय देऊ नये. 'जीवविचार' प्रकरणात प्रवाळाची गणना पृथ्वीकाय जीवांत केली आहे, तर आजचे विज्ञान त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. जपावयाचे आहे, यावर दोघांचे एकमत आहे. तसेच रिक्षावाल्याशी किंवा मासेमारी सोडून सर्फिंग शिकविणाऱ्याशी शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस करू नये. एप्रिल २०२२ मध्ये विदेशी कर्जाची परतफेड थांबविण्याची पाळी आलेल्या देशातील ती माणसे आहेत.

सवड असल्यास कोलंबोहून रेल्वेने अनुराधपूर पाहून यावे. राजा पांडुकाभयाने या नगरीत निर्ग्रंथ मुनींसाठी निवास बांधले, असे 'महावंस' या पाली ग्रंथात म्हटले आहे. पुढे निर्ग्रंथांच्या आरामाच्या जागी अभयगिरी विहार उभा राहिला, हेही तोच ग्रंथ सांगतो. आज तेथे जैन वास्तूची खूण नाही. तरी समुद्रापलीकडच्या त्या भूमीवर एके काळी अपरिग्रहाचा सर्वांत कडक अर्थ आचरणारे मुनी राहत होते, हे ठाऊक असलेला तरुण तेथे निव्वळ पर्यटक म्हणून वावरणार नाही.

निघण्यापूर्वी चौघांनी ही चारही परिमाणे एका कागदावर लिहून वडिलांच्या हाती द्यावीत आणि परतल्यावर कीर्द त्यांच्यापुढे उघडावी. रक्कम थोडी वाढली तर वडील रागावतील आणि विसरतील. ठरविलेली मर्यादा पाळली गेली, हे त्यांना दिसले तर पुढे पेढीच्या किल्ल्या सोपविताना त्यांचा हात अडखळणार नाही. लाटेवर तोल सांभाळण्याचे शिक्षण चार दिवसांत संपते. मर्यादेवर तोल सांभाळण्याचे शिक्षण मुलाने घरातूनच नेलेले असावे.